कुंपण, शेत आणि साक्ष : मेक्सिकोविषयीच्या तीन कथनांसंबंधी

१

'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की तिच्या पोटात दडलेले गृहीत आपण तपासत नाही. कुंपण शेताच्या राखणीसाठीच असते आणि ते शेत खाऊ लागले तर ती विकृती होय, असे ही म्हण धरून चालते. शेत कोणाचे, कुंपण कोणी घातले, कोणाला बाहेर ठेवण्यासाठी घातले, हे प्रश्न तिच्यात शिरत नाहीत. पोलीस आणि अमली पदार्थांच्या टोळ्या यांच्या साटेलोट्यावर आज जगभर जे चित्रपट, ज्या मालिका आणि ज्या कादंबऱ्या निर्माण होत आहेत, त्यांतील बहुतेकांचा पाया ही म्हणच आहे. एक भ्रष्ट अधिकारी, एक प्रामाणिक अधिकारी आणि त्या दोघांमधला संघर्ष, एवढ्यावर त्यांचे भागते.

माझ्या वर्गातील विद्यार्थी अशा मालिका मोबाईलवर रात्र रात्र पाहतात. मेक्सिकोतील तस्करांची नावे त्यांना पाठ आहेत. त्याच मेक्सिकोत एका रात्रीत ४३ विद्यार्थी पोलिसांनी पकडून नेले आणि ते परत आले नाहीत, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नाही. कथनाने कोणाला नायक केले आणि कोणाला पार्श्वभूमी केले, याचा हा ढळढळीत पुरावा आहे. म्हणूनच दलित साहित्याच्या वाचकाने या कथनांकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये असे मला वाटते. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा मुंबईच्या अधोविश्वाकडे पाहण्याची जागाच बदलली. वरून डोकावणारी नजर गेली आणि आतला माणूस बोलू लागला. हाच मानदंड घेऊन मी येथे तीन कथने तपासणार आहे : 'सिकारिओ' हा अमेरिकन चित्रपट, रोबेर्तो बोलान्यो यांची '२६६६' ही कादंबरी, आणि आयोत्सिनापाच्या विद्यार्थ्यांच्या साक्षींचे जॉन गिबलर यांनी सिद्ध केलेले पुस्तक. कादंबरी आणि साक्षी मी इंग्रजीतून वाचल्या आहेत, हे सांगणे आवश्यक आहे.

२

कथनांकडे वळण्यापूर्वी वास्तवाची थोडी उजळणी केली पाहिजे. तिच्याशिवाय कथनाने काय गाळले हे कळणार नाही.

मेक्सिकोत १९४७ साली 'दिरेक्सिओन फेदेराल दे सेगुरिदाद' ही केंद्रीय गुप्तचर यंत्रणा स्थापन झाली. डाव्या चळवळी, शेतकऱ्यांचे लढे, विद्यार्थ्यांच्या संघटना यांच्यावर पाळत ठेवणे आणि त्या मोडून काढणे हे तिचे मुख्य काम होते. याच यंत्रणेची ओळखपत्रे तस्करांच्या खिशात सापडत असत. ग्वादालाहारा टोळीचा प्रमुख मिगेल आन्हेल फेलिक्स गायार्दो हा मुळात सिनालोआ राज्याचा पोलीस आणि तेथील राज्यपालांचा अंगरक्षक होता. म्हणजे तस्कराने पोलिसाला विकत घेतले, हा क्रमच येथे उलटा आहे. पोलीस खात्यातूनच तस्कर निघाला. फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी एनरिके कमारेना याचे ग्वादालाहारात अपहरण झाले आणि छळ करून त्याला मारण्यात आले. त्यानंतर उठलेल्या वादळात त्याच वर्षी ही यंत्रणा बरखास्त झाली. माणसे मात्र बरखास्त झाली नाहीत. ती इतर खात्यांत आणि इतर धंद्यांत पांगली.

डिसेंबर १९९६ मध्ये जनरल हेसुस गुतिएरेस रेबोयो यांना अमली पदार्थविरोधी राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख नेमले गेले. फेब्रुवारी १९९७ मध्ये हुआरेस टोळीचा प्रमुख आमादो कारियो फुएन्तेस याच्यासाठी काम करीत असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. एका टोळीवर ते खरोखरच तुटून पडत होते, पण दुसऱ्या टोळीच्या सोयीसाठी. त्याच सुमारास लष्कराच्या विशेष दलातून फुटलेल्या सैनिकांची 'सेतास' ही टोळी उभी राहिली. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी लष्कर रस्त्यावर उतरवून टोळ्यांविरुद्ध युद्ध पुकारले. त्या युद्धाचे सूत्रधार होते सार्वजनिक सुरक्षामंत्री हेनारो गार्सिया लुना. याच गार्सिया लुना यांना सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दोषी ठरवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा दिली. बेपत्ता झालेल्या माणसांची मेक्सिकोच्या सरकारी नोंदवहीतील संख्या मे २०२२ मध्ये एक लाखावर गेली.

या मालिकेकडे पाहून 'एकामागून एक माणसे भ्रष्ट झाली' असे म्हणणे म्हणजे रचनेला पतनाचे नाव देणे होय. पतन व्यक्तीचे होते आणि त्याची शिक्षा व्यक्तीला देऊन मोकळे होता येते. रचना मात्र माणूस बदलला तरी चालूच राहते. पोलीस आणि टोळी या दोन संस्था एकमेकींसमोर उभ्या नसून एकाच कामाच्या दोन वाटण्या आहेत, हे ज्या कथनाला दिसत नाही त्याची कलात्मकता कितीही सफाईदार असली तरी त्याचे आकलन अपुरे आहे.

३

देनी व्हिलनव्ह यांचा 'सिकारिओ' २०१५ साली प्रदर्शित झाला. त्याची गणना उथळ चित्रपटांत करता येणार नाही. अमेरिकन कायदाच कायदा गुंडाळून ठेवतो हे त्याने स्पष्ट दाखवले आहे. केट ही एफबीआयची अधिकारी एका गुप्त मोहिमेत ओढली जाते. मोहिमेचा हेतू टोळ्या नष्ट करणे हा नसून, धंदा पुन्हा एकाच मालकाच्या हाती यावा म्हणजे तो आटोक्यात ठेवता येईल, हा आहे, असे तिला शेवटी कळते. सर्व काही कायद्यानुसार झाले, अशा कागदावर बंदुकीच्या धाकाने तिची सही घेतली जाते. सत्ता कागद कसा तयार करून घेते याचे इतके नेमके चित्र मी फार थोड्या चित्रपटांत पाहिले आहे. अमेरिकेतला पोलीसही टोळीला विकला गेलेला असू शकतो, हेही चित्रपटाने लपवलेले नाही.

तरीही प्रश्न उरतो तो नजरेचा. हुआरेस शहर या चित्रपटात आपल्याला दिसते ते चिलखती गाड्यांच्या ताफ्यातून. पुलाखाली लटकणारी नग्न प्रेते दिसतात, गाडी पुढे जाते. ती माणसे कोण होती, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होते, हे विचारायला ताफा थांबत नाही आणि कॅमेराही थांबत नाही. ज्या शहरात लाखो माणसे सकाळी उठून कारखान्यात जातात, मुलांना शाळेत सोडतात, ते शहर केवळ एक भीती होऊन राहते.

अपवाद एकच : सिल्व्हिओ. सोनोरा राज्याचा हा साधा पोलीस शिपाई. तो झोपेतून उठतो, बायको न्याहारी देते, मुलाला फुटबॉल खेळायला वडील हवे असतात. पोलिसाच्या गाडीतून तो टोळीचा माल वाहतो. त्याला या कामात कोणी घातले, नकार दिला असता तर काय झाले असते, पगार किती, वरिष्ठाचा वाटा किती, यांपैकी काहीही चित्रपट सांगत नाही. सूड घ्यायला निघालेला आलेहान्द्रो त्याला वापरतो आणि गोळी घालून टाकून देतो. आलेहान्द्रोच्या सुडाला मात्र पूर्वेतिहास आहे, कारण तो वकील होता, त्याची बायको आणि मुलगी मारली गेली होती. वरच्या थरातल्या माणसाच्या दुःखाला कथा मिळते आणि खालच्या शिपायाच्या वाट्याला केवळ करुण दृश्य येते. शेवटी त्याचा मुलगा फुटबॉल खेळत असताना दूरवर गोळीबार ऐकू येतो, खेळ क्षणभर थांबतो, पुन्हा सुरू होतो. दृश्य प्रभावी आहे. पण 'हे असेच चालायचे' हा त्याचा निष्कर्ष कोणाच्या सोयीचा आहे, हे समीक्षेने विचारलेच पाहिजे. 'असेच चालायचे' हे तत्त्वज्ञान आपल्याला नवे नाही. आपल्याकडे त्यालाच प्रारब्ध म्हणत आले आहेत.

२०१८ ते २०२१ या काळात तीन पर्वांत आलेल्या 'नार्कोस : मेक्सिको' या मालिकेबद्दल विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. तिने यंत्रणेची किड बरीच दाखवली, पण फेलिक्स गायार्दोला ज्या देखणेपणाने उभे केले तो देखणेपणाच प्रेक्षकाच्या मनात उरतो. या मालिकेसाठी चित्रीकरणाच्या जागा शोधणारा एक माणूस २०१७ साली मेक्सिकोत गोळ्या घालून मारला गेला. पडद्यावरचे रक्त आणि पडद्यामागचे रक्त यांत अंतर किती, एवढे या एका घटनेवरून कळावे.

४

बोलान्यो हे चिलीत जन्मलेले, तरुणपणाची वर्षे मेक्सिकोत काढलेले आणि २००३ साली स्पेनमध्ये वारलेले लेखक. '२६६६' ही त्यांची प्रचंड कादंबरी मृत्यूनंतर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. नताशा विमर यांचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये आले. तिच्या पाच भागांपैकी चौथा भाग येथे महत्त्वाचा आहे. सान्ता तेरेसा हे कादंबरीतले शहर म्हणजे हुआरेसच. १९९३ पासून हुआरेसमध्ये स्त्रियांचे खून होत राहिले. त्यांतल्या पुष्कळ जणी सीमेवरच्या 'माकिलादोरा' कारखान्यांत सुटे भाग जोडणाऱ्या कामगार होत्या, दूरच्या गरीब राज्यांतून पोटासाठी आलेल्या. वाळवंटातल्या या हत्यांचा पत्रकार म्हणून पाठपुरावा करणारे सेर्हिओ गोन्सालेस रोद्रिगेस हे त्याच नावाने कादंबरीत पात्र म्हणून येतात.

सुमारे तीनशे पानांच्या या भागात शंभराहून अधिक स्त्रियांची प्रेते सापडतात. प्रत्येकीची नोंद होते : कोठे सापडली, वय किती, अंगावर काय होते, केस कसे होते, मृत्यू कशाने झाला, तपास कोणी केला, तपास केव्हा बंद झाला. ही पंचनाम्याची भाषा आहे. अलंकार नाही, हुंदका नाही. पहिल्या दहा नोंदी वाचताना वाचक हादरतो. पन्नासाव्या नोंदीला तो पाने उलटू लागतो. आणि आपण पाने उलटू लागलो आहोत हे ध्यानात येते तेव्हा कादंबरीने आपल्याला कोठे आणून बसवले हे कळते. आपण त्या ठाण्यातल्या अंमलदाराच्या खुर्चीवर बसलेलो असतो.

पोलिसांचे चित्रण या भागात जसे आले आहे तसे ते इतरत्र क्वचितच आढळेल. लाच घेण्याची नाट्यमय दृश्ये जवळजवळ नाहीत. आहे ते रोजचे वागणे. नमुने हरवतात, फाईल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, पुराव्याअभावी प्रकरण मिटते. चर्चमध्ये घुसून घाण करणाऱ्या एका माणसाची चर्चा सुरुवातीच्या मृत स्त्रियांपेक्षा जास्त होते. सकाळी न्याहारीला जमलेले पोलीस बायकांवरचे विनोद एकापाठोपाठ एक सांगतात आणि लेखक ते थांबवत नाही, ते संपता संपत नाहीत. ज्या हातांनी पंचनामा लिहिला जातो त्या हातांचे मन कसे घडलेले आहे, हे त्या विनोदांतून उघडे पडते. भ्रष्टाचार पैशाच्या पाकिटात सुरू होण्याआधी कोणाचा जीव मोजायचा आणि कोणाचा नाही या निवाड्यात सुरू झालेला असतो. जातिव्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

लालो कुरा हे पात्र याच दृष्टीने पाहावे. खेड्यातला हा कोवळा मुलगा पोलीसप्रमुखच निवडून आणतो, आपल्या एका मित्राच्या बायकोचा अंगरक्षक म्हणून. पुढे तो पोलिसांत येतो आणि तो मित्र तस्कर होता हे त्याला मागाहून कळते. ठाण्यात धूळ खात पडलेली गुन्हेतपासाची पुस्तके तो एकटाच वाचतो. इतर पोलीस हसतात. येथे प्रामाणिकपणाचा गौरव नाही. ज्या घरात ग्रंथ आहेत पण वाचायचे नाहीत असा दंडक आहे, तेथे वाचणारा कसा परका ठरतो एवढेच लेखक दाखवतो.

मग कादंबरीची मर्यादा कोणती? स्त्रिया तिच्यात येतात त्या मेल्यावर. त्यांच्या आयुष्याबद्दल जे कळते ते प्रेतापासून मागे जाऊन. कारखान्यात आठ-दहा तास उभी राहणारी, पाळी संपल्यावर अंधारातून चालत जाणारी, मैत्रिणीशी भांडणारी जिवंत स्त्री आपल्या आवाजात फार थोडी बोलते. बोलान्योंनी विस्मृतीविरुद्ध नोंदवही उभी केली हे त्यांचे मोठेपण. पण नोंद ही साक्ष नव्हे. तो फरक पुढच्या पुस्तकाने स्पष्ट होतो.

५

गेरेरो राज्यातील आयोत्सिनापा येथील अध्यापक विद्यालय १९२६ साली सुरू झाले. मेक्सिकन क्रांतीनंतर खेड्यापाड्यांतल्या गरिबांच्या मुलांना शिक्षक करण्यासाठी जी ग्रामीण विद्यालये निघाली त्यांतले हे एक. राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत. म्हणूनच अल्पभूधारकांची आणि आदिवासींची मुले तेथे येतात, आणि लढाऊ परंपरेमुळे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत ते विद्यालय कायम सलत आले आहे. वसतिगृह नसते तर आपण कोठे असतो, हा विचार ज्या पहिल्या पिढीच्या पदवीधराने कधीतरी केला असेल, त्याला या विद्यालयाचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही. माझ्या बाबतीत तरी ती पडली नाही.

१९६८ च्या विद्यार्थी हत्याकांडाच्या स्मृतिदिनासाठी राजधानीला जायला बसगाड्या हव्यात म्हणून २६ सप्टेंबर २०१४ च्या संध्याकाळी सुमारे शंभर विद्यार्थी निघाले आणि इग्वाला शहरात त्यांनी बस ताब्यात घेतल्या. ही त्यांची जुनी रीत होती. पोलिसांनी रस्ते अडवून गोळीबार केला. त्या रात्री सहा माणसे मारली गेली, त्यांत तीन विद्यार्थी; चुकून फुटबॉल संघाच्या एका बसवरही गोळ्या झाडल्या गेल्या. ४३ विद्यार्थ्यांना पोलिसांनी पकडून नेले आणि 'गेरेरोस उनिदोस' या टोळीच्या हवाली केले. आजवर तिघांचेच अवशेष ओळखता आले. इग्वालाच्या पोलिसांकडे जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीच्या रायफली होत्या. बंदी असलेल्या राज्यांत शस्त्रे गेल्याच्या या प्रकरणात स्टुटगार्टच्या न्यायालयाने २०१९ मध्ये कंपनीला ३७ लाख युरोंचा दंड ठोठावला. म्हणजे कुंपणाची तार परदेशातून आली होती.

गिबलर हे अमेरिकन पत्रकार. त्यांचे पुस्तक स्पॅनिशमध्ये २०१६ साली आणि इंग्रजीत २०१७ साली आले. त्यात लेखक जवळजवळ बोलत नाही. वाचलेले विद्यार्थी, पत्रकार, आईवडील यांच्या साक्षी एकापुढे एक ठेवल्या आहेत. या विद्यालयात का आलो, हे मुले आधी सांगतात : घरी पैसा नव्हता, दुसरा रस्ता नव्हता. मग पहिल्या आठवड्यातले कष्ट, भादरलेली डोकी, आणि मग ती रात्र. पहिल्या गोळीबारानंतर मुलांनी रस्त्यावरच्या काडतुसांच्या पुंगळ्यांभोवती दगड मांडले, कोणी पुरावा हलवू नये म्हणून. पत्रकारांना बोलावले. ते बोलत असतानाच मध्यरात्रीनंतर पुन्हा गोळीबार झाला. तोंडात गोळी लागलेल्या सोबत्याला घेऊन काही जण एका खाजगी दवाखान्यात शिरले. तेथे लष्कराचे जवान आले, त्यांनी मदत करण्याऐवजी मुलांचीच नावे लिहून घेतली, छायाचित्रे काढली.

पुंगळ्यांभोवती दगड मांडणारी ती मुले मला या सगळ्या साहित्यातले सर्वांत मोठे तपास अधिकारी वाटतात. लालो कुराने पुस्तकातून जे शिकायचा प्रयत्न केला ते या मुलांनी जीव धोक्यात घालून केले. 'सिकारिओ'मध्ये जी माणसे गाडीच्या काचेतून दिसतात, '२६६६'मध्ये जी प्रेत होऊन येतात, ती येथे कर्ते होऊन येतात.

याला कोणी साहित्य म्हणावे काय, असा प्रश्न येईल. हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. दलित आत्मकथने आली तेव्हा 'हे समाजशास्त्र आहे, कला नव्हे' असे म्हणणारे समीक्षक कमी नव्हते. त्यांना जे उत्तर दिले गेले तेच येथेही लागू पडते : अनुभव ज्याचा आहे त्याने तो सांगताना निवडलेला क्रम, केलेले मौन, एकाच क्षणाकडे पुन्हा पुन्हा येणे, यांतच त्याचे रूप घडते. मात्र या पुस्तकाची उणीवही सांगितली पाहिजे. साक्ष रस्त्यावरचे दाखवते, वरचे दाखवू शकत नाही. पैसा कोठून कोठे गेला, लष्कराला काय माहीत होते, फोन कोणी कोणाला केले, हे साक्षीदाराच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यासाठी कागदपत्रे लागतात आणि ती राज्यसंस्थेच्या कुलपात असतात. स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा गट २०२३ साली लष्कर माहिती देत नाही असे सांगून मेक्सिको सोडून गेला, तो याच कुलपामुळे.

६

या तीन कथनांखेरीज चौथे एक कथन आहे : राज्यसंस्थेचे. जानेवारी २०१५ मध्ये मेक्सिकोचे महान्यायवादी हेसुस मुरियो काराम यांनी जाहीर केले की टोळीने सर्व ४३ जणांना मारून कोकुला येथील कचऱ्याच्या खड्ड्यात जाळले, आणि या निष्कर्षाला त्यांनी नाव दिले 'ऐतिहासिक सत्य'. सप्टेंबर २०१५ मध्ये तज्ज्ञगटाने दाखवून दिले की असे जळीत तेथे झालेच नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारच्याच सत्यशोधन आयोगाने या घटनेला राज्यसंस्थेचा गुन्हा म्हटले आणि लगोलग मुरियो काराम यांना अटक झाली. म्हणजे राज्यसंस्थाही कथाकार असते. तिच्या कथेत टोळी खलनायक असते, पोलीस बिघडलेले अपवाद असतात आणि शेवट झालेला असतो. करमणुकीचे चित्रपट आणि ही सरकारी कथा यांचा साचा एकच आहे, आणि म्हणूनच त्या चित्रपटांची समीक्षा हा केवळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही.

हे मेक्सिकोचे आहे, आपले काय, असे म्हणणाऱ्याने आपल्या पोलीस ठाण्यातला जबाब आठवावा. त्याच्या शेवटी 'माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' असे छापील वाक्य असते. तो खरोखर वाचून दाखवला गेला की नाही, यावर किती अत्याचारांचे खटले उभे राहिले आणि किती कोसळले! अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चे कलम ४ कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगते. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट लिहावे लागले की फिर्यादीचे तोंडी सांगणे लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखवलेच पाहिजे. जे आपोआप व्हायला हवे होते ते कायद्यात लिहावे लागले, याचा अर्थ आपले कथन ठाण्याच्या दारातच चोरले जाते हे कायद्यालाही मान्य करावे लागले. कायदा चांगला असून भागत नाही, तो राबवणारे हात कोणत्या मनाचे आहेत हे पाहावे लागते, असे बाबासाहेब आयुष्यभर सांगत आले.

म्हणून पोलीस आणि गुन्हेगारी यांच्यावरील कोणतीही कलाकृती पुढ्यात आली की विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी तिला तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. हा भ्रष्टाचार तिने माणसाचे पतन म्हणून दाखवला आहे की कामाची रचना म्हणून? मेलेल्याला तिने नाव, काम आणि घर दिले आहे काय? आणि जो वाचला आहे त्याला तिने बोलू दिले आहे काय? 'सिकारिओ' पहिल्या प्रश्नाला अर्धे उत्तर देतो. '२६६६' पहिल्या दोन प्रश्नांना पूर्ण उत्तर देते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इग्वालाच्या रस्त्यावर दगड मांडणाऱ्या मुलांनी दिले. त्या ४३ जणांचे आईवडील दर महिन्याच्या २६ तारखेला मुलांची छायाचित्रे घेऊन रस्त्यावर येत राहिले. त्यांच्या मागणीत सूड नाही, नायक नाही. त्यांना आपली मुले कोठे आहेत एवढेच हवे आहे, आणि एवढे सांगणेच कुंपणाला सर्वांत जड जाते आहे.